ताईंची गवारीची पिशवी

ताईंनी मला एकच काम सांगितलं होतं आणि तेही मला नीट जमलं नाही. काम होतं गवार निवडायचं. जागा होती एका प्रसूतिगृहातली खोली, आणि माझ्यापासून चार हातांवर माझी बायको कळा सोसत होती. "साहेब, शेंड्याकडून शीर ओढायची, मग मोडायची. घाई नाही," असं म्हणून ताईंनी माझ्या मांडीवर कापडी पिशवी ठेवली. मी खराडीतल्या एका कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. माझ्या हाताखाली बावीस माणसं आहेत. त्यांच्यापैकी एकाने जरी मला तेव्हा पाहिलं असतं, तरी पुढच्या अप्रेझलला माझं कोणी ऐकून घेतलं नसतं.

ताई म्हणजे आमच्या डूला. हा शब्द मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा वापरला तेव्हा त्यांनी मला तो दोनदा म्हणायला लावला आणि म्हणाल्या, "बरं. तुम्हाला आवडतो तर म्हणा. मी सोबतीला येते. कळा सुरू झाल्या की येते आणि बाळ छातीशी लागलं की जाते. मधे उठत नाही." थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, "पूर्वी घरातली एखादी आत्या करायची हे. आता आत्या कॅनडात असते."

वय साठीच्या आसपास, पाठ ताठ, आवाज खणखणीत. निवृत्त होईपर्यंत त्या सिटी बसमध्ये कंडक्टर होत्या आणि ती नोकरी त्यांच्या अंगातून गेलेली नव्हती. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरल्या की त्या दाराशी उभं राहणाऱ्यांना "आत सरका, आत जागा आहे" असं सांगत, आणि सगळे निमूट सरकत. घरात आल्यावर सोफ्यावर बसायचा आग्रह केला तरी त्या बराच वेळ उभ्याच राहत, एक हात दाराच्या चौकटीला धरून. मी एकदा त्यांच्यासाठी कॅब बुक केली. त्यांनी ती खाली उभी ठेवली, ड्रायव्हरला पाणी पाजलं आणि येरवड्याला बसनेच गेल्या. सगळे त्यांना ताईच म्हणत. "बसमध्ये सासऱ्यांच्या वयाची माणसंसुद्धा ताईच म्हणायची. आता दुसरं काही म्हटलं तर मला कळणारच नाही," असं त्यांचं म्हणणं.

भाजीची सवयही तिथलीच. दोन फेऱ्यांच्या मधे जो वेळ मिळे त्यात डेपोमधल्या बायका संध्याकाळची भाजी निवडून घेत. ताई म्हणत, हातात भाजी असली की माणूस तोंड कमी चालवतो. हे तत्त्व त्या पुढे नवऱ्यांना लावतील, याची मला कल्पना नव्हती.

त्यांना शोधून काढलं मी, आणि याचा मला फार अभिमान होता. बायकोला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ऑफिसातल्या एकाने डूलाबद्दल सांगितलं. मी दोन आठवडे वाचन केलं आणि बारा स्लाइडचं प्रेझेंटेशन तयार केलं. डूलाचे फायदे, डूलाच्या मर्यादा, डूला आणि सुईण यांतला फरक, असं सगळं. एका रविवारी टीव्हीला लॅपटॉप जोडून मी ते घरी सादर केलं. बायकोने बाराही स्लाइड शांतपणे पाहिल्या आणि विचारलं, "ती पूर्ण वेळ थांबेल का?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हणजे माझ्याजवळ. पूर्ण वेळ."

मी परत चौथ्या स्लाइडवर गेलो. तिथे ते लिहिलेलं होतं. ती का विचारते आहे हे मात्र माझ्या ध्यानात आलं नाही.

ते आलं ताईंच्या पहिल्या भेटीत. मी त्यांच्यासमोर माझा बर्थ प्लॅन, म्हणजे प्रसूती कशी व्हावी याचा आराखडा, ठेवला. चौदा पानं, तीन रंग, वर लॅमिनेशन. त्यात 'नैसर्गिक प्रसूती' हे शब्द जाड टाइपात होते. ताईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "छान कडक आहे," म्हणाल्या आणि टीपॉयवर ठेवून दिला. मग त्यांनी बायकोला एकच प्रश्न विचारला.

"पहिल्या वेळी आत कोण होतं?"

बायको म्हणाली, "आत? कोणी नाही."

"अगं, मी होतो की!" मी म्हणालो.

"तुम्ही कुठे होतात?"

"बाहेर. कॉरिडॉरमध्ये. पूर्ण वेळ."

"बाहेर गर्दी असते साहेब," ताई म्हणाल्या. "मी आतलं विचारतेय."

इथे मला थोडं मागचं सांगितलं पाहिजे. आमच्या थोरलीच्या जन्माची गोष्ट मी पाच वर्षं लोकांना सांगत आलो होतो. कॉरिडॉरमध्ये मी क्लायंटच्या कॉलवर होतो, सिस्टर येऊन म्हणाल्या, मुलगी झाली, मी त्यांना बोटाने 'दोन मिनिटं' अशी खूण केली आणि त्यामुळे माझ्या बाळाचं पहिलं अभिनंदन क्लायंटने केलं. ही गोष्ट मी पार्ट्यांमध्ये सांगायचो. लोक हसायचे. बायकोही हसायची, म्हणजे मला तसं वाटायचं. त्या पार्ट्यांमध्ये मी 'आमची डिलिव्हरी एकदम स्मूथ झाली' असंही म्हणत असे. बहुवचनात.

त्या दुपारी ती ताईंना तिची गोष्ट सांगू लागली. अकरा तास. छताचा पंखा आणि त्याच्या एका पात्यावरचा डाग. मधून मधून कोणीतरी येई, तपासे आणि तिच्याशी न बोलता जाई. बाळाभोवतीच्या पाण्याची पिशवी फोडली तेव्हा काय झालं हे तिला कळलंच नाही, तिला वाटलं बाळाचं काहीतरी बिनसलं. ती ओरडली तर एक आयाबाई म्हणाली, तू काय जगावेगळं करतेस का? "मला वाटलं मी मरणार आणि बाहेर कोणाला कळणारही नाही," असं ती अगदी साध्या आवाजात म्हणाली. "या वेळी फक्त एकटं नको."

मी टीपॉयवरच्या माझ्या प्लॅनकडे पाहत होतो. चौदा पानांत हे कुठेही नव्हतं. मला फार लाज वाटली, आणि लाज वाटली की मी बोलतो, म्हणून मी म्हणालो, "मी चहा टाकतो." ताई म्हणाल्या, "टाका." चहात मी साखर दोनदा घातली. त्यांनी तो पूर्ण प्यायला.

त्यानंतर सातव्या महिन्यापासून त्या दर आठवड्याला येऊ लागल्या. एखादी गोष्ट डॉक्टरांच्या अखत्यारीतली असली की त्या ओठ मिटून घेत. मी रिपोर्ट पुढे केला की हात मागे. "ते डॉक्टरांना विचारा. मी खाकी उतरवून आलेय, पांढरा कोट घालायला नाही." पण बायकोला कळ कशी येते, चढते, उतरते आणि मधे खरोखरच विसावा असतो, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की तिच्या डोळ्यांतली भीती हळूहळू निवळायला लागली. कसं उभं राहायचं, कशाला टेकायचं, डॉक्टर काय काय करू शकतात आणि ते करण्याआधी त्यांना काय विचारायचं, हे सगळं बोलणं आमच्या स्वयंपाकघरात होई. सिझेरियन करावं लागलं तर, असं बायकोने घाबरत विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तर सिझेरियन. वाट कुठलीही असू दे, तू घाबरून जायला नको." मी त्यावर संशोधन काय सांगतं हे सांगायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्या हातात घेवडा दिला.

मलाही एक धडा होता. कळ आली की पाठीच्या अगदी खाली, माकडहाडाच्या जरा वर, तळहाताने दाबून धरायचं. सराव सोफ्याच्या पाठीवर. मी अर्धा तास दाबल्यावर ताई म्हणाल्या, "पोळ्या लाटताय का? बंद पडलेली बस ढकलताय असं समजा." मी आयुष्यात बस ढकललेली नाही. त्यांना ते दिसतच होतं.

त्या या कामात कशा आल्या हे मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं. त्यांच्या बसमध्ये एकदा एका बाईला कळा सुरू झाल्या. बसमधल्या प्रत्येक पुरुषाने एकेक सल्ला दिला. ताईंनी सगळ्यांना पुढच्या स्टॉपवर उतरवलं आणि ड्रायव्हरला बस थेट दवाखान्यात घ्यायला लावली. वाटभर त्या बाईचा हात ताईंच्या हातात होता. दवाखान्यात तिला आत नेलं आणि दार लावलं. "आतून ती ओरडत होती, ताईंना आत घ्या म्हणून. मला नाही घेतलं. नियमच नव्हता," ताई म्हणाल्या. "तो आवाज काही जाईना. रिटायर झाल्यावर कोर्स केला. आता मी आत असते." एवढं सांगून त्या मेथीकडे वळल्या. तोवर माझ्याही हातात मेथी होती.

प्रत्यक्ष दिवसाची तयारी मी दोन रंगीत तालमी घेऊन केली होती. घर ते प्रसूतिगृह, सकाळच्या गर्दीत एकदा, दुपारी एकदा, वेळेच्या नोंदीसह. कळा सुरू झाल्या एका मंगळवारी सकाळी. थोरलीला आजीकडे सोडलं, ताईंना फोन केला, गाडी काढली. अर्ध्या वाटेत माझ्या लक्षात आलं की बर्थ प्लॅन घरीच राहिला. मागच्या सीटवर कळा देणारी बायको असताना मी यू टर्न घेतला. हे वाक्य लिहितानाही मला माझ्या अकलेची कमाल वाटते. बायको तेव्हा काय म्हणाली ते मी लिहीत नाही. आम्ही पोहोचलो तर ताई दाराजवळच्या बाकावर बसलेल्या. येरवड्याहून बसने येऊन, गवारीच्या पिशवीसकट, आमच्या आधी वीस मिनिटं.

माझ्या हातातला प्लॅन पाहून त्या म्हणाल्या, "आणलात ते बरं झालं." आणि खोलीतला पंखा अपुरा होता म्हणून दिवसभर त्या प्लॅननेच बायकोला वारा घातला.

इथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही आत राहायची परवानगी दिली होती. ताईंनी माझा मोबाइल मागून घेतला आणि पिशवीच्या तळाशी, गवारीखाली ठेवला. मग ती पिशवी माझ्या मांडीवर आली. सिस्टर आत आल्या, गवार पाहून थबकल्या. "हे काय चाललंय?" "साहेबांना आराम पडावा म्हणून," ताई म्हणाल्या. सिस्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू पेशंट मीच होतो. पण त्यांनी पिशवी काढायला लावली नाही.

तीन-चार तास असे गेले. ताई बायकोला चालवत होत्या, कळ आली की थांबवत होत्या, तिच्या कानाशी हळू काहीतरी बोलत होत्या. खणखणीत आवाजाच्या त्या बाईला इतकं हळू बोलता येत असेल असं मला वाटलं नव्हतं. डॉक्टर आल्या आणि पाणी फोडायचं म्हणाल्या. बायकोने ताईंचा हात घट्ट पकडला. ताई डॉक्टरांना म्हणाल्या, "डॉक्टर, तिला जरा सांगता का, काय करणार ते? मागच्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं." डॉक्टर थांबल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि नीट समजावून सांगितलं. का करायचं, काय जाणवेल, बाळाला काही होणार नाही. मोजून दोन मिनिटं लागली असतील. बायको म्हणाली, "करा." तिचा आवाज अगदी स्थिर होता. तिला तो पंख्यावरचा डाग पाच वर्षं दिसत राहिला, तो या दोन मिनिटांअभावी.

आणि मग मी माती खाल्ली.

मोबाइल ताईंनी घेतला होता, पण माझ्या मनगटावर घड्याळ होतं. हल्लीची घड्याळं वेळ सोडून सगळं दाखवतात. ते थरथरलं. क्लायंटचा मेसेज होता, लाल उद्गारचिन्हासकट. मी शेंगेची शीर ओढता ओढता मनगट वळवून तो वाचला. खाली आणखी होतं म्हणून बोटाने वर सरकवला. वर पाहिलं तर बायको माझ्याकडे बघत होती.

"जा," ती म्हणाली. "महत्त्वाचा असेल."

ती रागावलेली नव्हती, हेच वाईट होतं. पहिल्या वेळी खोलीच्या दाराशी तिने मला अगदी असंच 'जा' म्हटलं होतं आणि मी सुटलो म्हणून गेलो होतो.

आता ताई मला फैलावर घेणार असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि त्या उठल्या. "मी जरा बाहेर बसते. उभं राहून पाय दुखायला लागले." आणि गेल्या. दार लावून घेतलं. चालत्या बसमध्ये उभं राहून जन्म काढलेली बाई, मधे उठत नाही म्हणणारी बाई, आणि हिचे पाय आजच दुखले.

मी घड्याळ काढलं आणि गवारीत खुपसलं. तेवढ्यात कळ आली. बायको पलंगाच्या कठड्याला धरून वाकली आणि मी तिच्या मागे जाऊन हात ठेवला.

"तिथे नाही. खाली."

मी खाली ठेवला.

"आणखी खाली. हां. दाब. अरे, दाब ना!"

मी दाबलं. बस ढकलायची असते तसं म्हणे. पाय रोवून, सगळं अंग लावून. "सोडू नकोस," ती म्हणाली. "सोडत नाही," मी म्हणालो. कळ ओसरली, ती माझ्या खांद्याला टेकली, परत दुसरी आली. किती आल्या मला माहीत नाही. मोजायचं ॲप गवारीखाली होतं. माझी मनगटं भरून आली, शर्ट भिजला आणि माझ्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. पाच वर्षांपूर्वी हे सगळं हिने पंख्याकडे बघत एकटीने केलं होतं, हे मला तेव्हा कळलं. कॉरिडॉरमध्ये कळण्यासारखं ते नव्हतंच.

बऱ्याच वेळाने ताई आत आल्या. मी म्हणालो, "ताई, या आता तुम्ही."

"मी कशाला?" त्या म्हणाल्या. "चाललंय की." आणि चौकटीला एक हात धरून उभ्या राहिल्या. दार उघडलं तेव्हा मला बाहेरची त्यांची खुर्ची दिसली होती. ती दाराला अगदी चिकटून ठेवलेली होती.

शेवटचा पाऊण तास ताई एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला. मी क्लासमध्ये शिकल्याप्रमाणे 'ब्रीद, ब्रीद' म्हणू लागलो तेव्हा बायकोने 'तू गप्प बस' असं स्पष्ट सांगितलं, पण माझा हात सोडला नाही. चारच्या सुमाराला मुलगी झाली. डॉक्टरांनी ती तशीच ओली तिच्या छातीवर ठेवली. मी रडलो. आवाज करून रडलो. ताईंनी प्लॅनची चौदा पानं उचलली आणि मला वारा घातला.

जाताना त्यांनी मोबाइल आणि घड्याळ पुसून परत दिलं आणि उरलेली गवार घरी नेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्यातून भाजी आणली, बाळाला छातीशी नीट कसं धरायचं ते बायकोला दाखवलं आणि मला वाढलं. भाजीत शिराच शिरा होत्या. दातांत अडकत होत्या. "तुम्ही निवडलेली वेगळी ठेवली होती," ताई म्हणाल्या. "ज्याची त्याने खावी."

मग दीड महिन्याने त्या शेवटच्या आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, थोरलीशी तिकीट-तिकीट खेळल्या, चहा प्यायल्या. मला वाटलं आता उठतील. पण त्यांनी कप खाली ठेवला आणि बायकोला विचारलं, "या वेळी आत कोण होतं?"

हा प्रश्न त्या प्रत्येकीला शेवटच्या भेटीत विचारतात हे मला नंतर कळलं. नॉर्मल झालं की सिझर, किती वेळ लागला, बाळाचं वजन किती, हे त्या विचारत नाहीत. तेव्हा मात्र मला एवढंच कळलं की बाळाचं दुपटं घडी करायला घ्यावं आणि वर बघू नये. मी ते दुपटं तीनदा घडी केलं.

"तुम्ही होतात," बायको म्हणाली. "डॉक्टर होत्या. सिस्टर होत्या, त्या ओरडल्या नाहीत."

मी चौथी घडी घातली.

"आणि हा होता," ती म्हणाली. "गवार वाईट निवडत होता. पण होता."